रुखवतातला ऑप्टोकपलर

परंपरा आणि विज्ञान यांचा संगम व्हावा, असं थोर लोक भाषणांतून कळकळीने सांगतात. तो सोलापुरात एकदा झाला आहे. सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि निमित्त होतं माझी धाकटी बहीण कुमुद हिच्या लग्नाचं. मी तिथे हजर होतो. किंबहुना तो संगम मीच घडवला.

मुलाकडची मंडळी माढ्याची. नवऱ्या मुलाचे थोरले काका, अण्णा, यांनी बैठकीतच सांगून टाकलं होतं, "आमाला द्यायघ्यायचं काही नको. रुखवत तेवढं बघण्यासारखं पाहिजे."

त्या वाक्याने कुमुदची झोप उडाली. तिने लाडवांचा मनोरा रचायचं ठरवलं होतं. आता तो तिला फारच साधा वाटायला लागला.

"दादा, रुखवत फसलं तर तिकडं जन्मभर ऐकावं लागेल मला."

"घाबरू नकोस. मी तुझा मनोरा फिरता करतो."

खरी घाबरली ती तेव्हापासून.

मी पेशाने कारकून, पण इलेक्ट्रॉनिक्सचा नाद होता. जुन्या बाजारातून मोटारगाडीची काच पुसणारी मोटर आणली. तिचा वेग आवरायला एक सर्किट केलं. पण मोटर झटके देते आणि त्यात नाजूक सर्किट जळतं. म्हणून दोघांत तारेचा संबंध ठेवायचा नसतो. मध्ये ऑप्टोकपलर घालायचा. म्हणजे अलीकडे एक चिमुकला दिवा लुकलुकणार आणि पलीकडे एक ट्रान्झिस्टर तो उजेड पाहून मोटरला वीज सोडणार. दिवा लुकलुकला की मोटर संथ फिरते. उजेड सतत दिसत राहिला तर सुसाट. (हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.)

"म्हणजे दिवा सोवळ्यात आणि मोटर ओवळ्यात," आत्या म्हणाली. "बघायचं, पण शिवायचं नाही."

माझं विज्ञान आमच्या घरात कुणाला तरी समजलं, असा तो पहिलाच प्रसंग.

तयार ऑप्टोकपलर मागितला तेव्हा शुक्रवार पेठेतल्या रेडिओवाल्याने विचारलं, "कुठल्या सेटात बसतंय हे?" मग तो घरीच करणं आलं. मुंबईच्या मित्राने दोन लाल एलईडी धाडल्या होत्या. पहिली मी उत्साहाने थेट बॅटरीला जोडली. ती एकदा झळकली आणि कायमची गेली.

वडील पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "हेच दाखवायचं होतं का?"

मग मी पुस्तक उघडलं. (आधी उघडायलाही हरकत नव्हती.) एलईडीच्या वाटेत रेझिस्टर लागतो. मुलांच्या उत्साहाचं वडील जे करतात, तेच तो विजेचं करतो: बेताचीच पुढे जाऊ देतो. तो लावून दुसरी एलईडी जोडली. जुन्या रेडिओतल्या काचेच्या ट्रान्झिस्टरवरचा काळा रंग खरवडला, म्हणजे त्याला उजेड दिसू लागतो. दोघांना प्लास्टिकच्या पारदर्शक नळीत समोरासमोर बसवलं आणि बाहेरचा उजेड शिरू नये म्हणून नळीवर काळी चिकटपट्टी गुंडाळली. मनोरा असा डौलात फिरला, की वडिलांनी पेपर खाली ठेवला.

लग्नाच्या दिवशी कार्यालयाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात टेबल मांडलं. आत्याने सजावट केली. मी सर्किटचं बटण दाबलं. लाडू संथपणे फिरू लागले. अण्णा फेटा सावरत टेबलाशी येऊन उभे राहिले. "आता फोटो काढा की," त्यांनी फर्मावलं.

फोटोग्राफरने आपला मोठा दिवा लावला.

मनोऱ्याने एक गिरकी घेतली आणि मग तो गिरक्याच घेत राहिला. पहिला लाडू बँडवाल्यांकडे गेला. मी बटण बंद केलं. मनोरा सुसाट. चालू केलं. तरी सुसाट. पुन्हा बंद केलं.

"दादा, थांबव ना रे!"

"थांबवलंय!"

मी वाकून नळी पाहिली. "आत्या, इथली काळी पट्टी कुठंय?"

"ती होय? मी काढली सकाळी. लग्नाच्या रुखवतात काळं चालतं का? छान पिवळा जिलेटिन कागद लावलाय की."

तेवढ्यात एक लाडू अण्णांच्या फेट्यात रुतला.

"अण्णा, हलू नका," फोटोग्राफर म्हणाला. त्याचा दिवा चालूच होता.

मी टेबलाखाली शिरून बॅटरीची तार उपटली. बाहेर आलो तेव्हा टेबलावरची चादर माझ्या डोक्यावर होती आणि रुखवतातलं उरलेलं सगळं जमिनीवर. कुमुद मुंडावळ्यांआडून अण्णांकडे बघत होती.

अण्णांनी फेट्यातला लाडू काढला. उलटसुलट पाहिला. मग सावकाश चावला.

"लाडू फुटला न्हाय," ते म्हणाले. "पोरीचा हात चांगला हाय. आन बघण्यासारखं म्हणलं, तर लई बघण्यासारखं केलंय की तुमी."

नवरा मुलगा पहिला हसला. मग कुमुद. मी चादर काढली.

रीतीप्रमाणे रुखवत मुलीबरोबर सासरी गेलं. अण्णांनी मोटर शेवयांच्या यंत्राला जोडून घेतली. ती अजून चालते. माझं सर्किट, रेझिस्टर आणि ऑप्टोकपलर त्यांनी पहिल्याच दिवशी काढून टाकलं. तेव्हापासून ती एकदाही बिघडलेली नाही.