पिंजरा लावलेली गाडी

मागच्या आठवड्यात या ग्रुपवर गाड्यांच्या चोऱ्या कशा रोखाव्यात आणि चोराला काय शिक्षा द्यावी, यावर बरीच हमरीतुमरी झाली. कुणी हात तोडायला निघालं होतं, कुणी धिंड काढायला. त्यात एकानं लिहिलं, 'चोराला त्याच गाडीत कोंडून उन्हात उभं करा, आपोआप सरळ होतो.' खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. मला हसू आलं नाही. मी अशा गाडीत कोंडली गेले आहे... म्हणून हे लिहितेय.

आधीच सांगते, माझा भुताखेतांवर विश्वास नव्हता आणि नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच आमच्या घरातून अंगारे-धुपारे, नवस-सायास सगळं हद्दपार झालं. मी अंबडला शाळेत विज्ञान शिकवते. गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांशी भर रस्त्यात वाद घालणारी बाई म्हणून मी आमच्या गल्लीत बदनाम आहे. तेव्हा खाली कुणी मला काळा दोरा सुचवू नये, ही विनंती.

आमचे हे वकील. दिवसभर कोर्टात चोरांचे जामीन करून द्यायचे आणि संध्याकाळी घरी येऊन त्याच चोरांना फासावर चढवायचं, असा त्यांचा दिनक्रम. आमची पहिली गाडी घरासमोरून चोरीला गेली तेव्हापासून तर त्यांनी चोर या प्राण्याविरुद्ध युद्धच पुकारलं होतं. "कोर्टात तारखा पडतात," ते म्हणायचे, "माझ्या हातात सापडला तर एका दुपारीत निकाल लावतो."

मग त्यांनी आष्टीच्या एका मोसंबीवाल्या बागायतदाराकडून जुनी पांढरी गाडी घेतली. काचांना काळी फिल्म आणि आत चोर पकडायची सोय, तीही आधीच्याच मालकानं करून घेतलेली. सोय अशी होती — एक छुपं बटण न दाबता गाडी सुरू केली, की ती थोडी पुढे जाऊन बंद पडायची. चारही दारं लॉक, काचा जाम, भोंगा सुरू. आतून काही केल्या उघडायचं नाही. बाहेरून रिमोट दाबला तरच सुटका. हे त्याला 'पिंजरा' म्हणायचे आणि अंबडपासून वडीगोद्रीपर्यंत प्रत्येक टपरीवर त्याचं कौतुक सांगायचे. वर सूचना — भोंगा वाजला तर कुणी दार उघडायच्या फंदात पडायचं नाही, मला फोन करायचा.

"उद्या एखादं लेकरू अडकलं म्हणजे?" मी एकदा विचारलं.

"लेकराकडे चावी कुठून येणार?" म्हणाले. वकिलाशी लग्न केलं की असे युक्तिवाद गिळावे लागतात. मी गिळला.

त्या मे महिन्यात त्यांचा एका अशिलाच्या शेताच्या बांधाचा वाद चालू होता. रविवारी ते वडीगोद्रीला निघाले, मीही सोबत गेले, कारण आमच्या शाळेतल्या एक बाई तिथेच राहतात. हायवेच्या कडेला रसवंतीजवळ गाडी लावून हे अशिलाच्या मोटरसायकलवर शेताकडे गेले. मी चालत बाईंच्या घरी पोचले, तर दाराला कुलूप! माझा मोबाइल घरी चार्जिंगला लावलेला तसाच राहिलेला. ऊन असं की डांबर पायाला चिकटत होतं. मी परत आले आणि पर्समधल्या जादा चावीनं दार उघडून गाडीत बसले. त्या चावीला रिमोट नव्हता. रसवंतीवाला मशीनमागे होता, त्याचं लक्ष नव्हतं.

गाडीवर सरळ ऊन येत होतं. पलीकडे कडुलिंबाची सावली दिसत होती, म्हटलं तेवढी गाडी हलवावी. सीटखालचं बटण दाबलं, गाडी सुरू केली... आणि सावलीच्या अलीकडेच इंजिन बंद पडलं. खट् खट् करत दारं लॉक झाली. भोंगा किंचाळायला लागला.

मी सीटखालचं बटण पुन्हा पुन्हा दाबलं. ते बटण मेलेलं होतं, हे मला नंतर कळलं. माझ्या भावानं लग्नाला म्हणून गाडी नेली होती, त्याला जागा कळली, म्हणून ह्यांनी बटण दुसरीकडे हलवलं होतं. मला सांगायचं 'राहून गेलं'.

आता हसू येतं, तेव्हा आधी रागच आला. आज घरी गेल्यावर यांची उलटतपासणी घेते, असं मनात म्हणत मी दार खेचत होते. पण थोड्याच वेळात राग घामाबरोबर वाहून गेला. स्टिअरिंगला हात लावता येईना. श्वास घेतला की गरम हवाच छातीत जायची. चप्पल काचेवर आपटली, लाथा मारल्या. काच हलली नाही.

माणसं मात्र जमली. काळ्या काचेतून मला सगळी दिसत होती, मी त्यांना नीट दिसत नव्हते. भोंगा थोडा वेळ थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. थांबला की बाहेरचं ऐकू यायचं.

"सापडला! वकीलसायबाचा चोर सापडला!"

"डोकून तर बघ, कोन हाये."

एकानं काचेला कपाळ टेकवलं. "एक न्हाई, दोघं हायेत रे! एक पुढं, एक मागं बसून राह्यलाय."

मी ओरडले, "मी आहे! दार उघडा!" तेवढ्यात भोंगा सुरू झाला. नरडं इतकं कोरडं पडलं होतं की माझा आवाज मलाच येईना. बाहेर पोरं मोबाइल वर धरून शूटिंग करत होती.

पुढच्या वेळी भोंगा थांबला तेव्हा रसवंतीवाला काचेजवळच उभा राहून फोनवर बोलत होता. स्पीकर चालू होता. "सायेब, गडी बराबर अडकलेत बघा. जल्दी या."

आणि मला माझ्या नवऱ्याचा आवाज आला. एकदम मजेत. "घाई काय आहे? उघडू नका बिलकुल. बांधाची मोजणी उरकून येतो मी. तोवर शिजू दे जरा आत!"

सगळे हसले. जो आपल्यासाठी गजरा घेऊन येतो, आपल्याला जपेल अशी ज्याच्याबद्दल खात्री असते, त्या माणसानं मला शिजत ठेवायला सांगितलं होतं. त्याला माहीत नव्हतं, हे मला कळत होतं. तरी त्या क्षणी जे वाटलं ते मी आजवर त्यांना पूर्ण सांगितलेलं नाही. मी रडायला लागले. आपण इथेच मरणार, ही खात्रीच पटली.

तेव्हा मागून आवाज आला.

"ताई... जरा पानी द्या."

हळू, संकोचानं. बाजूच्या प्रवाशानं मागावं तसं. माझ्याकडे प्लॅस्टिकच्या बाटलीत थोडंसं पाणी होतं, ते मी पुरवून पुरवून पीत होते. मी मागे वळून का पाहिलं नाही, विचारू नका. मी फक्त बाटली खांद्यावरून मागे धरली. ती कुणीतरी घेतली. त्याची बोटं माझ्या बोटांना लागली — कोरडी, खरखरीत, तव्याजवळ हात न्यावा तशी गरम. गटगट आवाज आला. मग बाटली परत माझ्या खांद्याला टेकली.

"तुमच्यापुरतं ठिवलंय."

तळाशी एक घोट होता. मी तो प्यायले.

"कोण आहात तुम्ही?"

"गाडी माझी न्हाई, ताई," एवढंच तो म्हणाला. थोड्या वेळानं, "रडू नका. मागच्या शीटला वरच्या अंगाला खुंटी हाये, ती उपसा. शीट पुढं पडती. मंग डिकीच्या दाराला आतून पट्टी हाये, ती काढा. तिच्याआड कडी सापडती. डावीकडं सारा."

मी वळले. मागे कुणी नव्हतं.

घाबरायलाही वेळ नव्हता. दोन सीटांमधून मी मागे सरपटले. खुंटी होती. सीट पडली. डिकीत अंधारात चाचपडत पट्टी उचकटली, नखं तुटली, कडी सापडली. सरकवली तसं दार उघडलं आणि मी बाहेर धुळीत पडले.

समोर उगारलेल्या काठ्या. मग त्या एकेक करून खाली आल्या.

"आवं, ह्या तर वकीलसायबाच्या मॅडम हायेत!"

कुणी रसाचा जग आणला, कुणी डोक्यावर पाणी ओतलं. रसवंतीवाल्याच्या बायकोनं मला कुशीत घेतलं आणि जमलेल्या सगळ्यांचा उद्धार केला. पण दोघं-तिघं अजून गाडीत वाकून बघत होते. "दुसरा कुठं गेला? मागं गडी बसला व्हता, आमी सगळ्यांनी बघितला." त्यांनी सीटखाली पाहिलं, गाडीखालीही पाहिलं.

हे आले तेव्हा अजून हसतच मोटरसायकलवरून उतरत होते. मला पाहिलं आणि चेहरा असा पडला, की मला माझ्यापेक्षा त्यांचीच काळजी वाटली. ते माझ्या पायाशी धुळीत बसले. "मी म्हणालो... मी फोनवर म्हणालो..."

पिंजरा दुसऱ्याच दिवशी उपटून काढला. ज्या मेकॅनिकनं काढला त्यालाही डिकीतली ती कडी माहीत नव्हती. यांनाही नव्हती. मला तर नव्हतीच.

नंतर आम्ही आष्टीला त्या बागायतदाराकडे गेलो. यांनी सरळ विचारलं, या गाडीत कधी कुणी अडकलं होतं का? म्हातारा माणूस, भला दिसत होता. "कधीच न्हाई," म्हणाला. मोसंबी कापून दिली, चहा दिला. ह्यांनी पोलीस ठाण्यातही ओळखीनं चौकशी केली होती. तिथे काहीच नोंद नव्हती.

निघताना हे गाडी वळवायला पुढे गेले. म्हातारा फाटकापर्यंत माझ्यामागे आला. आम्ही त्याला फक्त अडकल्याचं सांगितलं होतं. आवाजाबद्दल किंवा बाटलीबद्दल एक शब्दही काढला नव्हता.

"ताई," तो खाली बघत म्हणाला, "पानी मागितलं का त्यानं?"

मी मानेनंच हो म्हटलं.

"तुमी दिलं?"

"दिलं."

त्यानं फाटक दोन्ही हातांनी धरलं. "बरं केलं," म्हणाला. "लई बरं केलं." आणि तिथेच उभा राहून रडायला लागला. मी पुढे विचारलं तसा फाटक लावून आत गेला, पुन्हा गेलो तर भेटलाही नाही.

तो उष्माघातात मला झालेला भास, असं मी स्वतःला समजावते. मग बाहेरच्या माणसांना काय दिसलं? म्हाताऱ्याला पाण्याचं कसं कळलं? आणि सगळ्यात जास्त मला हे छळतं — ज्याला बाहेर पडायची वाट इतकी नेमकी ठाऊक होती, तो स्वतः आत का बसून होता? कडी त्याला सापडली, ती कधी सापडली असेल?

गाडी अजून आमच्याकडेच आहे. फाटकाजवळचं बोलणं मी यांना सांगितलं, तेव्हापासून रोज सकाळी कोर्टात निघताना आमचे वकीलसाहेब पाण्याची भरलेली बाटली मागच्या सीटवर ठेवतात. झाकण सैल करून ठेवतात. मी विज्ञानाची बाई, पण मी त्यांना कधी टोकलेलं नाही.