कोल्ह्यांसाठी सोडलेलं गवत

गेल्या वर्षीपर्यंत आमच्या गाई न्हावा शेवा बंदराच्या ट्रेलरांमधून वाट काढत चरायला जायच्या. सहा गाई, गावातल्या शेवटच्या. आमची शेती माझ्या जन्माआधीच बंदरात गेली. खाडीकडची सरकारी गुरचरण जमीन बाबा वर्षाच्या भाड्यानं घ्यायचे. दरवर्षी अर्ज, दरवर्षी पाहणी, मग पुढच्या वर्षाचा परवाना. तो नाही मिळाला तर गुरं बांधायची कुठं, सोसायटीच्या गेटला?

त्या जमिनीचा खाडीला लागून असलेला तुकडा बाबा कधी चारत नसत. त्यांच्या बापानंही चारला नव्हता. तिथं गवत कमरेएवढं वाढू द्यायचं, कारण भरतीच्या वेळी खारफुटीतले कोल्हे वर येऊन तिथंच बसतात, पिल्लंही तिथंच ठेवतात. गाय तिकडं वळली की बाबा तिला माघारी हाकायचे. "त्यांना पन घर हाय," एवढंच बोलायचे.

गेल्या वर्षी पाहणीला नवे साहेब आले. बाबा मला म्हणाले, "तू चल. माझं तोंड उघडत नाय यांच्यापुढं."

माझं तोंड बंद होत नाही. नकला करतो म्हणून शाळेत मार खाल्ला, आणि त्याच नकलांवर गावातल्या हळदींना जेवलो. साहेबांना मी रिव्हर्समधल्या ट्रेलरचा आवाज काढून दाखवला, कंटेनर यार्डातला झोपाळू वॉचमन दाखवला, गाईला शिव्या घालणारे बाबाही दाखवले. साहेब पोट धरून हसले. "टीव्हीवर जा रे तू," म्हणाले. मला चढलं. त्यांना थेट खाडीपाशी नेलं आणि कोल्ह्यासारखं ओरडलो. ऊन कलतं होतं. गवतातून खरंच दोघातिघांनी उत्तर दिलं.

"इथं गुरं येत नाहीत?" साहेबांनी विचारलं.

"एक पण नाही, साहेब. गवत बघा ना. आम्ही हातच लावत नाही. कोल्ह्यांसाठी सोडलंय."

मागं बाबा उभे होते. माझ्याइतकीच त्यांचीही छाती फुगलेली. साहेबांनी मोबाईलवर गवताचे फोटो काढले, पंचनाम्यावर बाबांची सही घेतली, आमच्याकडे चहा प्यायले आणि गेले.

मग कागद आला. मी मोठ्यानं वाचला. जमिनीचा काही भाग चराईसाठी वापरात नसल्याचे पाहणीत आढळले, सबब परवान्याचे नूतनीकरण करता येत नाही.

"कोल्ह्यांचं नाय लिवलं?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"तू तर सांगितलंस त्यांना."

"सांगितलं."

ते कागदाकडे बघत बसले. वाचता येत असूनही त्यांनी तो हातात घेतला नाही.

ऑफिसात गेलो तर त्या साहेबांची बदली झालेली. काउंटरवरच्या बाई वाईट नव्हत्या. पंचनामा काढून म्हणाल्या, "काका, गुरं येत नाहीत हे तुमच्याच माणसानं सांगितलंय. खाली सही तुमची."

"ते कोल्ह्यांसाठी ठेवलंय, मॅडम," बाबा म्हणाले.

"मग तसा अर्ज हवा होता. ते खातं वेगळं."

मी पंचनाम्यातलं माझं वाक्य पुन्हा वाचलं.

पावसाळा संपल्यावर पत्र्याचं कुंपण आलं आणि डंपरनी पहिला भराव खाडीच्या बाजूनंच टाकला. गाई कर्जतकडच्या एका माणसानं नेल्या. टेम्पोत चढवताना बाबांनी त्याला दोनदा विचारलं, "रान तुझं सोताचं हाय ना? भाड्याचं नाय ना?"

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. अजून नाक्यावर कुणी विचारतं, गुरं का विकली? बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगतात, "पोरगा झकास बोलला साहेबांशी. कागदच उलटा आला." मी चहाच्या ग्लासात बघत राहतो.