घडी मोडायचा मान

आधीच सांगते, मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. उतारा, लिंबू-मिरची, अमावस्या... असलं काही मी घरात चालू देत नाही. शेजारीण दाराला काळी बाहुली बांधायला आली, तेव्हा तिला चहा पाजून बाहुलीसकट परत पाठवणारी बाई मी. तेव्हा वेडी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा — पण पूर्ण वाचून म्हणा.

आमचं घर बेळगावात, टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडे. दगडी जोतं, मंगलोरी कौलं, रुंद व्हरांडा. गल्लीत सगळे डॉक्टर नाहीतर वकील. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, या पत्त्याचा भारी तोरा! चिकोडीला लग्नाला गेले तरी नावाआधी पत्ता सांगायचे. त्यांच्या धाकट्या बहिणीनं, सुशीआत्यानं, निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या हमालाशी आपल्या मर्जीनं लग्न केलं. आप्पांनी तिला जे फाटक बंद केलं ते कायमचं.

दोन वर्षांपूर्वी सकाळी फोन आला, आत्या गेली. आमच्यात बाई गेली की तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची घालतात. मी कपाटातली कोरी साडी काढली, नवऱ्यानं गाडी काढली... तर आप्पा फाटकात आडवे.

"कुठं निघालास रं?"

"आत्याला साडी द्यायला नको व्हय, आप्पा?"

"माझी भन तवाच मेली. हमालाच्या दारात ह्या घरची साडी जायची न्हाय. गेलास तर परत येऊ नगंस."

नवऱ्यानं मुकाट्यानं गाडी आत घेतली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. नंतर कळलं — निपाणीत त्यांनी दुपारपर्यंत वाट बघितली होती. आत्या तशीच अंगणात. शेवटी शेजारणीनं आपली साडी दिली.

त्या दिवाळीला मी शहापूरच्या विणकराकडून साडी घेतली. पाडव्याला पिशवीतून काढली तर नेसून सोडलेली! निऱ्यांच्या चुण्या, कमरेला खोचल्याच्या सुरकुत्या, आणि पदराला तंबाखूचा वास. मी त्या विणकराशी जाऊन भांडून आले. पुढची साडी खडेबाजारातून घेतली, दुकानातच उलगडून तपासली, कपाटाला कुलूप लावून किल्ली पर्समध्ये ठेवली. तरी तेच.

नवरा म्हणाला, "हवा दमट आहे."

"दमट हवा निऱ्या काढते होय?" मी म्हटलं.

मग मला सासूबाईंचं बोलणं आठवलं. त्या असताना सांगायच्या, "ह्या घरात नवी साडी आली की घडी मोडायचा मान सुशीचा. लेकीनं एकदा नेसून दिल्याबगर आमी अंगाला लावत नव्हतो." ते आठवलं आणि मी त्या साडीचा पदर पुन्हा नाकाशी नेला.

अशात माझ्या रसिकाचं लग्न ठरलं. शालू घ्यायचा होता. मेलेल्या बाईनं नेसून सोडलेला शालू माझ्या लेकीच्या अंगावर? मी तडक आप्पांपुढं उभी राहिले.

"निपाणीला जाऊन साडी ठेवून या आत्याच्या फोटोपुढं."

"ह्या वयात हमालाच्या दारात? लोक काय म्हणतील?"

"लोक सोडा. आत्या काय म्हणते ते बघा."

"म्हणू दे," म्हणाले आणि पेपर तोंडापुढं धरला. असा हट्टी म्हातारा!

शेवटी मीच बसनं गेले. आत्याच्या लेकीनं, मंगलनं, मला घरात घेतलं. फोटोपुढं साडी ठेवली आणि म्हटलं, "आत्या, चुकलं आमचं. पण माझ्या पोरीला त्रास देऊ नका." मला रडू आवरेना.

मंगल हळूच म्हणाली, "वैनी, तुम्ही आलासा, बरं झालं. पर आई तुमची वाट बघत नव्हती. तिच्या भावाची बघत हुती."

लग्नाच्या दिवशी शालू उघडला... घडी जशीच्या तशी! मी पोरीला पोटाशी धरलं. त्यानंतर घरातली एकही साडी खराब झाली नाही. वाटलं, सुटलो.

यंदा उन्हाळ्यात आप्पा गेले. सगळी गल्ली व्हरांड्यात जमली. नवरा स्वतः जाऊन पांढरं कापड घेऊन आला, दुकानदारानं त्याच्यासमोर ठाणातून फाडून दिलेलं. चारचौघांत ते पसरलं, तर तेच. निऱ्यांच्या चुण्या. कमरेच्या सुरकुत्या. तंबाखूचा भपकारा.

समोरचे वकील म्हणाले, "अहो, वापरलेलं का आणलं? आप्पांना?"

दुसऱ्या दुकानातून दुसरं आणलं. तेही तसंच. ऊन चढत गेलं, आप्पा अंगणात तसेच. लोक कुजबुजायला लागले, काही उठून गेले. ज्या गल्लीत म्हाताऱ्यानं जन्मभर मान मिरवला, तिच्यादेखत शेवटी त्याला त्याच चुरगळलेल्या कापडात न्यावं लागलं.

कसं झालं, ते मला आजही सांगता येत नाही. चुण्या अशा का पडाव्यात यावर मी पुस्तकं चाळली, सहकाऱ्यांना विचारलं. उत्तर नाही. त्या दिवशी घरातली माणसं भीतीनं पांढरी पडली होती. मी नाही घाबरले. आप्पांच्या पायाशी उभी होते, डोक्यावर पदर होता, आणि मनात एवढंच आलं — आत्या, बरं केलंत!