टाकी पावसातच आठवते

आमच्या कामाच्या गोष्टी जेवताना कोणी ऐकत नाही, आणि चहावर सुरू केल्या तर लोक कप खाली ठेवतात. त्यामुळे त्या आमच्याकडेच साचत राहतात. म्हटलं, यंदा थोड्या बाहेर काढू.

मी नगरपंचायतीच्या मैला उपसायच्या गाडीचा ड्रायव्हर. पाइप सांभाळतात नामदेवभाऊ, ऑफिसात फोन घेतात रेखाताई. नामदेवभाऊ उन्हाळाभर दारोदार सांगतात, "आत्ताच टाकी उपसून घ्या, पाण्यापावसात तरास होईल." लोक हो-हो म्हणतात. मग दोन दिवस झड लागली की सगळ्या गावाला एकदमच टाकी आठवते. नामदेवभाऊंना तेव्हा घोर एकाच गोष्टीचा, कोणीतरी घाईघाईत झाकण उघडून स्वतःच आत उतरेल. आतला गॅस दिसत नाही, अन् माणसाला वर येऊ देत नाही.

*

एका गुरुजींकडे गेलो. "टाकी कुठी हाय गुरुजी?" गुरुजींनी पपईकडे बोट दाखवलं, बाईंनी विहिरीकडे, मुलानं शेजाऱ्याच्या भिंतीकडे. शेवटी घर बांधणाऱ्या मिस्त्रीला फोन लावला. तो आता हैदराबादला कामावर. त्यानं एवढंच विचारलं, "तुमी हॉल वाढवला का?"

"वाढवला ना."

"मंग हॉलमंदीच हाय."

झाकण निघालं सोफ्याच्या बरोबर खाली. सोफ्यावर नवे जावई पेपर वाचत बसलेले. नामदेवभाऊ खांद्यावर पाइप घेऊन दारात उभे राहिले आणि अदबीनं म्हणाले, "जावईबापू, जरा उठता का?"

नवी फरशी फोडताना गुरुजींचं तोंड बघवत नव्हतं. पहार मात्र त्यांनी स्वतःच चालवली.

*

घुग्घुसकडचा एक कोळसा खाणीतला माणूस. टाकी उपसली की आठ दिवसांत पुन्हा फोन. "तुमी अर्धीच काढता," म्हणून रेखाताईंशी भांडायचा. एकदा आम्ही तिथं असतानाच सर आली आणि टाकीत धो-धो पाणी पडायला लागलं. नामदेवभाऊंनी वर पाहिलं. पत्र्याच्या पन्हाळीचा पाइप सरळ टाकीत सोडलेला.

"हे काऊन केलं भाऊ?"

"पत्र्यावरून कोळशाचं काळं पाणी येते ना. अंगण खराब होते."

नामदेवभाऊंनी अंगणाकडे पाहिलं, मग संडासातून उलटून घरात शिरलेल्या पाण्याकडे. म्हणाले, "अंगण साफ हाय पण."

त्या माणसालाच हसू आलं. दुसऱ्या दिवशी त्यानं पाइप काढला, आणि तेव्हापासून त्याचा फोन नाही.

*

दुसऱ्या एकाकडे जमिनीत पुरलेली मोठी प्लास्टिकची टाकी. भर पावसाळ्यात म्हणे, "पूर्ण खाली करा, मले तळ दिसला पाह्यजे." नामदेवभाऊंनी समजावलं, की जमीन पाण्यानं भरली आहे, टाकी रिकामी केली तर खालचं पाणी तिला उचलेल, अर्धी राहू द्या. त्यानं ऐकलं नाही. कुठून तरी खासगी गाडी बोलावली आणि तळ पाहिला.

दोन दिवसांनी रेखाताईंना फोन. "म्याडम, टाकी वर आली."

"पाणी वर आलं का भाऊ?"

"नाई म्याडम. टाकीच."

*

एका पुरानंतर आमची गाडी एटापल्लीकडे पाठवली होती. वस्तीतल्या सगळ्या संडासांचे खड्डे तुडुंब. कोरडा एकच, एका म्हाताऱ्या गोंड बाबाचा, वरच्या अंगाला उंच चौथऱ्यावर, सात पायऱ्यांचा. बांधला तेव्हा सगळे त्याला राजा म्हणून चिडवत. आम्ही विचारलं, ही जागा कशी सुचली?

"खेकड्याची बिळं पाह्यली," बाबा म्हणाला. "जिथी बिळं, तिथी पाणी वर येते. इथी एकबी नाई."

अर्धी वस्ती पायऱ्यांशी रांगेत उभी. बाबा खाली बसून ज्याला-त्याला पाण्याची बादली भरून देत होता. एकाही चिडवणाऱ्याला त्यानं जुनी आठवण करून दिली नाही.

*

आणि प्रकाशभाऊंचं घर. बहीण बाळंतपणाला आलेली, दुसऱ्या दिवशी बाळाचं बारसं, आणि मोरीतून घाण पाणी बाळंतिणीच्या खोलीपर्यंत आलेलं. आम्ही पोहोचलो तेव्हा प्रकाशभाऊ पँट वर खोचून, हातात काठी घेऊन, टाकीत सोडलेल्या शिडीवर एक पाय टाकून उभे होते.

नामदेवभाऊंनी त्यांना दंडाला धरून मागं घेतलं आणि शिडी काढून टाकली. आम्ही टाकी उपसली, पण पुढचा पाइप तुंबलेलाच होता. त्यासाठी लांब दांड्या लागतात, त्या ऑफिसात राहिलेल्या.

"दांड्या येईपर्यंत मीच काढतो," प्रकाशभाऊ म्हणाले. "आता तं टाकी खाली हाय. पाच मिनिटांचं काम."

"खाली टाकीतबी गॅस राह्यते," म्हणत नामदेवभाऊंनी झाकण लावलं आणि पावसात त्यावर बसले. प्रकाशभाऊ चिडले, "उद्या घरी पाहुणे हायेत. तुमाले काय जाते?" नामदेवभाऊ हलले नाहीत. मला म्हणाले, "तू जा, दांड्या घेऊन ये."

नाल्याला पाणी होतं, यायला दीड तास लागला. नामदेवभाऊ तिथंच. प्रकाशभाऊंची आई त्यांच्यावर छत्री धरून उभी होती, स्वतः भिजत. प्रकाशभाऊ बाजूला पालथ्या बादलीवर बसलेले.

आई विचारत होती, "घरी कोण कोण हाय भाऊ तुमच्या?"

सतरा वर्षं आम्ही एका गाडीत बसतो. मी हे कधी विचारलं नव्हतं.

"मोठा भाऊ होता," नामदेवभाऊ म्हणाले.

"काय करे तो?"

"हेच. पाच मिनिटांत येतो म्हणून उतरला."

मग मला दांड्या घेऊन आलेला पाहून ते झाकणावरून उठले.