माझ्याच स्थळाचं पत्र

दादा मुंबईला कॉलेजात, कॉमर्सला; आणि मी डोंबिवलीत चुलीपाशी. मॅट्रिक झाले होते हो, पण वडील म्हणाले, "आधी त्याचं होऊ दे." त्याचं व्हायचं होतं ते काय, तर साबण-तेलाच्या एखाद्या कंपनीत माल खपवायची नोकरी. कॉलेजातले सर सांगत, नुसती पुस्तकं वाचू नका, कॉलेजच्या वार्षिक अंकाला जाहिराती मिळवा; दुकानदार शिकवेल ते आम्हाला शिकवता यायचं नाही. आणि आमचा दादा असा बुजरा, की कल्याणच्या दुकानांच्या पायऱ्या चढायचा आणि "पाणी मिळेल का" एवढंच विचारून परत यायचा!

मग मला म्हणाला, "अगं, तू लिहून दे, मी नुसता कागद पुढे करतो. मला नोकरी लागली की तुला कॉलेजात घालणार. शप्पथ!" त्या एका शब्दावर मी दोन वर्षं त्याची पुस्तकं वाचली, इंग्रजीचा कोश मांडीवर घेऊन. भाकऱ्या भाजता भाजता जाहिराती सुचायच्या. एका स्टोव्हवाल्यासाठी लिहिलं होतं, 'पाहुणे चहासाठी थांबतात, स्टोव्हसाठी नाही.' दुकानदार खूश, सर खूश. दादाला परीक्षेआधीच एका कंपनीचं बोलावणं आलं.

आता माझी पाळी, असं मी धरून चालले. तर वडिलांनी कोरा कागद पुढे ठेवला. ठाण्याला, खोपट भागात, माझ्यासाठी स्थळ होतं. "तुझे शब्द बरे असतात. तुझी माहिती तूच लिही."

लिहिली. शेवटी घातलं, 'मुलीला पुढे शिकायची इच्छा आहे.' दादाने नेमकं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही काढ गं. तूच म्हणतेस ना, गिऱ्हाईक बिचकेल ते लिहू नये?"

माझंच शहाणपण! पत्र पुन्हा उतरवलं, त्या ओळीवाचून.

आठ दिवसांत मंडळी बघायला आली. मुलाचे वडील पत्र हातात घेऊनच बसले. "काय सुरेख लिहिलंय! कोणी?"

मुलीने स्वतःच स्वतःची वाखाणणी केली म्हटलं असतं तर शोभा झाली असती. वडील घाईघाईने म्हणाले, "आमच्या चिरंजीवांनी. कॉमर्सला आहेत."

"वा! बरं, आता मुलीचं अक्षर बघू."

तेव्हा रीतच होती, मुलीकडून ओळभर लिहून घ्यायची. टाक माझ्या हातात आला. ती काढलेली ओळ अगदी टोकाशी येऊन थांबली होती, खरं सांगते. पण काहीही लिहिलं तरी अक्षर तेच, समोरच्या पत्रातलं. वडिलांचं खोटं भर बैठकीत उघडं पडलं असतं. ते उपरण्याने घाम टिपत होते, आणि दादा सतरंजीची दशी ओढत होता.

मी 'श्रीराम समर्थ' लिहिलं. पहिलीतल्या पोरीसारखं, वेडंवाकडं.

मुलाचे वडील हसले. "असू दे, असू दे. सुनेला कुठे कचेरीत जायचंय!"

सगळे हसले, दादासुद्धा. आणि आईने आतून साखरेची वाटी आणली.