खंडेनवमीचं अपडेट

ज्ञानेश्वरीला एका जागी बसवत नाही, हे महाप्याच्या त्या ऑफिसात शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत वाढलेली ही बाई. वडील कोंडिबा तीस वर्षं वाशीच्या बाजारात पोती ओढून निवृत्त झालेले. तेरा वर्षं ती बिल्ड सांभाळत होती, म्हणजे सगळ्यांनी लिहिलेला कोड एकत्र करून त्यातून चालतं ॲप बांधून द्यायचं. बांधताना काही फुटलं की ती खुर्चीत कमी आणि पॅसेजमध्ये जास्त दिसायची.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बिल्ड फुटला. द्रोणागिरीच्या एका गोदामाच्या गेटवर ट्रकांना पास देणारं ॲप संध्याकाळी द्यायचं होतं, आणि पडद्यावर लाल अक्षरांत एकच फाइल पुन्हा पुन्हा येत होती. ती समराची होती.

समरा उरणची. मुलं लहान म्हणून सहा वर्षं घरी बसली आणि आता सहा महिन्यांच्या बोलीवर परत कामाला लागली होती. ती मुदत नेमकी आज संपत होती. तिला ठेवायचं की निरोप द्यायचा, हे उदयसिंह सर दुपारी चारला ठरवणार होते.

"ज्ञानेश्वरी, कोणामुळं अडलंय ते एका ओळीत लिहून पाठवा," सर केबिनच्या दारातून म्हणाले. "चारच्या आत पाहिजे."

तिनं लगेच मेल केली. ‘समरा यांनी न तपासता बदल केला, त्यामुळे बिल्ड फुटला.’ उचलली जीभ लावली टाळ्याला. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही तिला.

मग तिनं समराचा परवाचा सगळा बदल काढून टाकला आणि बिल्ड पुन्हा लावला. फुटला. मशीन बंद करून चालू केलं, पुन्हा लावला. तरी फुटला. तीच फाइल, तीच लाल ओळ. मग समराच्या बदलाचा यात संबंध काय, हा प्रश्न तिला पडला आणि तिनं तो चहाबरोबर गिळून टाकला. तिसरा चहा होता तो. खिडकीपाशी गेली, परत आली, पुन्हा गेली.

एक वाजता जेवायच्या सुट्टीत समरानं डबा उघडला आणि तांदळाची अर्धी भाकरी तिच्यापुढं सरकवली.

"खावा मॅडम. रिकाम्या पोटी डोकं नाय चालत."

ज्ञानेश्वरीनं मान खाली घालून खाल्ली. चव कसली ते तिला कळलं नाही.

दीडला कोंडिबांचा रोजचा फोन आला. "जेवलीस का?"

"जेवले. आबा, इथं बिल्ड चालंना. खंडेनवमीला बिल्डच्या टूलची नवीन आवृत्ती टाकली, मशीन पुसून पूजा केली, सगळं व्यवस्थित केलं होतं..." बोलता बोलता ती थांबली. हे सकाळपासून तिनं एकदाही कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा नाही.

"नवं टाकल्यावर चालवून बघितलं न्हाईस?"

"पूजा झाल्यावर हत्याराला हात लावत नाहीत. तुमीच तर पाळायचा, आबा."

"अगं, खंडेनवमीला हुकाला टोक काढलं की आदी मी एक पोतं वढून बघायचो. मग हळद-कुंकू. तू उठायचीस तवा तुला हळद-कुंकूच दिसायचं."

फोन ठेवून ती बिल्डच्या मशीनपाशी गेली. वाळका झेंडू अजून त्याच्यावरच होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी सकाळ गेली होती तिची.

नव्या टूलनं सेटिंगची काही जुनी नावं कायमची बंद केली होती. जुनं टूल तीच नावं बघून नुसती कुरकुर करायचं आणि पुढं जायचं. अशी नावं सत्तावीस फाइलींत निघाली, त्यातल्या बहुतेक ज्ञानेश्वरीच्या हातच्या. समराची फाइल फक्त यादीत पहिली होती, म्हणून ठेच तिथं लागत होती.

जुनं टूल गुपचूप परत बसवलं असतं तर दहा मिनिटांत सगळं शांत झालं असतं, आणि कोणी काही विचारलंही नसतं. तिनं ते बसवायला काढलंसुद्धा. मग स्वतःचीच इतकी चीड आली की तिनं पडद्यावरची ती खिडकी बंद केली आणि एकेक फाइल दुरुस्त करायला घेतली. साडेतीनला बिल्ड हिरवा झाला. तिनं तो आणखी एकदा चालवून बघितला.

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला आता अर्धा तास उरला होता. तिनं सकाळची मेल उघडली. ओळ बरोबर होती, तिच्यातला एक शब्दही बदलायची गरज नव्हती. फक्त नाव बदललं. ‘ज्ञानेश्वरी यांनी न तपासता बदल केला, त्यामुळे बिल्ड फुटला.’ पाठवली आणि पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिली.

सव्वाचारला समरा केबिनमधून बाहेर आली आणि तिच्याशेजारी येऊन थांबली.

"ठेवलं मला," ती म्हणाली. "आणि सर बोलले, तुमाला आत बोलवलंय."

"समरा, सकाळी मी तुझं नाव..."

"माहीत हाय. साडेअकरालाच सरांनी मला वाचून दाखवलं."

ज्ञानेश्वरी केबिनकडं निघाली. दोन पावलांवर तिच्या ध्यानात आलं, अर्धी भाकरी समरानं एक वाजता पुढं केली होती.