भेटायला येण्यासारखा दवाखाना

अण्णांनी हर्नियाचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात करायचं ठरवलं, तेव्हा आमच्या नात्यागोत्यात त्यांच्या तब्येतीपेक्षा आमच्या ऐपतीची काळजी जास्त सुरू झाली.

"पोरगी कॉलेजात शिकवती, जावई शेंद्र्याला कंपनीत, अन् बापाला तिकडं टाकलं व्हय गं?" कन्नडहून आत्याचा फोन आला. माणूस खाजगी दवाखान्यात अ‍ॅडमिट होतो आणि सरकारीत टाकला जातो, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

ऑपरेशन उत्तम झालं. ते करणाऱ्या तरुण डॉक्टरणीचे डोळे जागरणानं लाल झाले होते, हात मात्र स्थिर होते. वॉर्डात गर्दी होती, पंखा कुरकुरत होता, चादर घरून न्यावी लागली, हे सगळं कबूल. पण टाके असे सुबक होते की जन्मभर शिलाई मशीनवर बसलेल्या आईनं दोनदा वाकून पाहिले.

अण्णांचं दुखणं वेगळंच होतं. त्यांना भेटायला कुणी येत नव्हतं.

अण्णा म्हणजे आमच्या घराण्यातले पट्टीचे भेटणारे. कुणाचं नुसतं पित्त उसळलं तरी हे शहाळी घेऊन एसटीनं कन्नड गाठायचे, रुग्णाच्या उशाशी बसायचे आणि त्याला हसवून यायचे. त्यामुळे रोज चार वाजता, भेटायची वेळ झाली की ते केस विंचरून दाराकडं तोंड करून पडत. "आज अक्का येईल," म्हणत. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, आमची आत्या. अक्का काही येईना. तिला तिथल्या वासाचा त्रास होणार होता, तोही कन्नडमध्ये बसून. एका चुलतभावाला म्हणे गाडी लावायला जागा मिळाली नाही. दुसऱ्यानं इन्फेक्शनवर फोनवरच लांबलचक व्याख्यान दिलं. हा स्वतः रोज गुटखा खातो.

शेजारच्या खाटेवर सिल्लोडचे एक चाचा होते. मक्याच्या आडतीवर हमाली करताना पोत्यांची थप्पी कोसळून पाय मोडलेला. त्यांची बायको आमच्या अण्णांनाही खिचडी वाढायची. चाचा अण्णांना चिडवायचे, "भाईसाब, दरवाजेकू घूरने से कोई नै आता. पत्ते निकालो." मग दोघं पत्ते खेळत बसायचे. अण्णा पत्ता टाकायचे आणि दाराकडं बघायचे.

सुट्टी होऊन अण्णा घरी आले तरी कुणी फिरकलं नाही. घरी आलेला माणूस बरा झालेला असतो, त्याला भेटायचं कशाला? अण्णांचं जेवण कमी झालं. शेवटी आईनं फर्मान काढलं, "दोन दिवस चांगल्या दवाखान्यात ठेवू यांना."

"अगं, पण कशासाठी?"

"लोकांसाठी."

मला वाटलं होतं, धडधाकट माणसाला कोण ठेवून घेईल? सरकारीत तर बऱ्या झालेल्या माणसाच्या खाटेशी पुढचा पेशंट पिशवी घेऊन उभा असतो. पण खाजगीतल्या डॉक्टरांनी अण्णांचं पोट दाबलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि "ऑब्झर्व्हेशनला ठेवावं लागेल" असं इतक्या गंभीरपणे सांगितलं की घटकाभर मीच घाबरले. विमा आहे म्हटल्यावर तर त्यांना आणखी दोन-तीन गोष्टी ऑब्झर्व्ह कराव्याशा वाटल्या.

खोली एसीची, सोफा, भिंतीवर धबधब्याचं चित्र. आईनं अण्णांचा फोटो काढून नात्यातल्या ग्रुपवर टाकला. तिकडचं बिघडलेलं ऑपरेशन इथं पुन्हा केलं, असं सगळ्यांनी परस्पर धरून घेतलं, आणि दुसऱ्याच दिवशी कन्नडहून भरलेली जीप आली.

आमच्या लोकांना इतकी माया असेल असं मला वाटलं नव्हतं. शहाळ्यांचा ढीग लागला. पोरं लिफ्टनं वरखाली करू लागली. इन्फेक्शनवाला चुलतभाऊ सोफ्यावर पाय पसरून घोरायला लागला. अण्णांच्या चेहऱ्यावर मात्र तेज आलं होतं. मला राग येत होता आणि त्यांच्याकडं बघून बरंही वाटत होतं.

सगळ्यात शेवटी आत्या आली. अण्णा उठून बसले. तिनं त्यांच्या गालावरून हात फिरवला, डोळ्यांना पदर लावला. खोटं कशाला सांगू, ते रडणं खरं होतं. मग तिनं जखम बघायला मागितली. अण्णांनी शर्ट वर केला. आत्यानं टाक्यांच्या कडेनं हलकेच बोट फिरवलं.

"बघा, कसं झ्याक काम केलंय! लई सफाई हाय. पैसे घेत्यात, पण काम बी तसंच करत्यात. तिकडं असतं तर चिघळलं असतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आईनं मला डोळ्यांनी गप्प केलं. अण्णा खाली बघत होते.

"अक्का, हे टाके तिकडलेच हायत," ते म्हणाले. "हितं नुसतं पडलोय. तू यावीस म्हणून."

चुलतभाऊ सोफ्यावर उठून बसला. आत्या टाक्यांकडं बघत राहिली. मग तिनं बोट मागं घेतलं, बाकीच्या बोटांपासून जरा दूर धरलं आणि मला विचारलं, "हात धुवायला बेसिन कुठंय गं?"

जीप गेल्यावर अण्णांनी केस विंचरले नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना घरी न्यायला निघालो, तर शहाळ्यांची पिशवी त्यांनी मांडीवर घेतली आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "आधी सरकारी दवाखान्यावर घ्या. चार वाजत आलेत."

वॉर्ड तसाच होता, पंखाही तसाच कुरकुरत होता. चाचांची बायको औषधं आणायला गेली असावी. खाटेशी कुणी नव्हतं. उशाशी पत्त्यांचा जोड तसाच बांधून ठेवलेला. मोडका पाय सांभाळत, दाढीवरून नीट कंगवा फिरवून, चाचा दाराकडं तोंड करून पडले होते.